व्युत्पत्तीची वही: 'टॉलर'

या खेपेला इंग्रजीतला 'टॉलर' (taller), म्हणजे 'अधिक उंच', घेतला. 'टॉल' आणि 'अर' असे दोन तुकडे करून एकेकाचा माग काढला, तर दोघांच्या वयात केवढं अंतर निघालं!

उंचीशी 'टॉल'चा मुळात काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत 'येटॅल' म्हणजे चपळ, तत्पर. 'टॉल' बहुधा तिथूनच आला. पुढे तो देखणा, मग शूर अशा अर्थांनी वापरात राहिला. उंच हा अर्थ रुळला थेट सोळाव्या शतकात, आणि तोवर जुना अर्थही चालूच होता. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये सर टोबी सांगतो की सर अँड्र्यू इलिरियातल्या कुणापेक्षाही कमी 'टॉल' नाही. तिथे टीपाकार 'शूर' असा अर्थ देतात. उंचीचं काम त्याआधी 'हाय' आणि 'लाँग' करत होते.

आता 'अर', म्हणजे तुलना दाखवणारा प्रत्यय. माझ्या मते खरा ऐवज इथे आहे. आद्य जर्मानिकमध्ये, म्हणजे इंग्रजी-जर्मन वगैरेंच्या समान पूर्वज भाषेत, हा प्रत्यय 'इझ' असा होता. त्यातल्या 'झ'चा पुढे 'र' झाला. त्याच्याही मागे गेलं की आपण आद्य इंडो-युरोपीय (संस्कृत आणि इंग्रजी दोघींची दूरची पूर्वज भाषा) 'योस्'पाशी पोचतो, आणि त्याचंच संस्कृत रूप म्हणजे 'ईयस्'. 'स्वर्गादपि गरीयसी' मधल्या 'गरीयसी'त तो लख्ख दिसतो: गुरु, त्याहून गुरु ती गरीयसी. शाळेपासून तोंडपाठ असलेल्या ओळीत 'टॉलर'चा भाऊबंद बसलेला पाहून मी हरखून गेलो. 'टॉलेस्ट'मधला 'एस्ट' तर आणखी सोपा, कारण तो आपल्या 'इष्ठ'चा सख्खा. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ हे शब्द आपण रोज वापरतो.

प्रत्ययातल्या त्या जुन्या 'इ'ने आधीचा स्वरही आपल्याकडे ओढून बदलला. 'ओल्ड'चं 'एल्डर' झालं ते त्यामुळेच. 'टॉलर'मध्ये असा बदल नाही, कारण हे रूप तयार होईपर्यंत तो 'इ' केव्हाच गळून गेला होता. शब्द उशिराचा असल्याची ही खूण मला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण ती कोश न उघडता दिसते.

पुढचा नंबर 'निअर'चा. तो मुळात इंग्रजी 'नाय' (nigh) म्हणजे जवळ, याचं तुलनेचं रूप. त्याच्या शेवटचा 'र' हाच प्रत्यय आहे, म्हणजे 'निअरर'मध्ये तो दोनदा लागलाय. 'नेक्स्ट'ही त्याच घरातला. दोन्ही एकत्रच घेईन म्हणतो.