आमची वाटचाल : निबा, लिलाव आणि ते ३० सेंट

आम्ही फाउंटन पेनाच्या जुन्या निबा, जिभा, टोपणाच्या क्लिपा असलं बारीकसारीक सामान ऑनलाइन लिलावात विकतो. आम्ही म्हणजे मी, दादा आणि वहिनी. लोक विचारतात एवढ्याशा निबेवर सुटतं तरी काय, तर खरं सांगतो, पहिलं दीड वर्ष काहीच सुटत नव्हतं आणि गंमत म्हणजे ते आम्हाला माहीतही नव्हतं.

सुरुवात २००३ ची. त्याच्या आदल्याच वर्षी इबे या लिलावाच्या साइटने पेपाल ही ऑनलाइन पैसे भरायची सर्व्हिस दीड अब्ज डॉलरला घेतली होती आणि स्वतःची बिलपॉइंट नावाची पेमेंट सर्व्हिस बंद करायला काढली होती, म्हणजे लिलाव आणि पैसे भरणं हे एकाच घरात आलं. आम्हाला तर ते वरदानच वाटलं. त्याआधी लिलाव करणारे जुने लोक सांगायचे की खरेदीदार पोस्टाने चेक पाठवणार, तो वटेपर्यंत माल घरात ठेवायचा, तोपर्यंत त्याची तीन मेल येणार की माझं पाकीट निघालं का. आता जिंकला, बटण दाबलं, पैसे खात्यात. त्या काळी पेपालचा अमेरिकेतला नेहमीचा दर होता २.९ टक्के अधिक ३० सेंट, दर व्यवहाराला. आम्ही त्यातलं २.९ टक्के तेवढं वाचलं. ३० सेंट काय, सुट्टे पैसे!

सगळ्या निबा एक डॉलरपासून लावायचो, कारण बोली खालून सुरू केली की माणसं जमतात आणि मग चुरस लागते, असं जो तो सांगायचा. ते खोटं नाही, एखादी चांगली लवचिक सोन्याची निब चाळीसच्या वर जायची. पण बाकीच्या पडून राहायच्या, एकच बोली यायची आणि एका डॉलरलाच घंटा वाजायची. एका रविवारी रात्री अशा १४ निबा एकेका डॉलरला गेल्या, प्रत्येकीचं पोस्टेज दोन डॉलर वेगळं. मी खूश, १४ पाकिटं निघणार म्हणून. वहिनी हिशेबाला बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, पोस्टाचे २८ बाजूला काढले तर १४ उरायला हवेत ना, मग हे साडेआठच कसे?"

मी म्हटलं फी असेल. तर म्हणाल्या असेल म्हणजे काय, किती ते सांगा. डॉलरवर तीन सेंट टक्क्याचे आणि ३० वरचे, असे ३३ धरले तरी १४ निबांचे चार डॉलर ६२ सेंट जातात, म्हणजे नऊ डॉलर ३८ सेंट यायला हवेत. मग उरलेले ८४ सेंट गेले कुठे? त्या ८४ सेंटांसाठी वहिनी दोन दिवस पाठकोऱ्या कागदावर आकडेमोड करत होत्या आणि दादा चिडवत होता की त्यापेक्षा मी देतो ८४ सेंट. शेवटी त्यांना सापडलं. टक्का नुसत्या निबेवर नाही, पोस्टेजवरसुद्धा लागतो, अख्ख्या तीन डॉलरवर, म्हणजे दर पाकिटामागे आणखी सहा सेंट, आणि चौदा सक ८४. आम्ही पोस्टेज जितकं लागेल तितकंच घेत होतो, मोठा प्रामाणिकपणा म्हणून, आणि त्यावरची फी खिशातून भरत होतो. आणि हे सगळं लिलाव लावण्याची फी अन् विक्रीवरचं कमिशन धरायच्या आधीचं बरं का, ते धरलं तर निब जवळजवळ फुकटच चालली होती.

दुसरी गोष्ट त्याच कागदावर दिसली ती जास्त लागली मनाला. त्या १४ मधल्या ६ निबा एकाच माणसाने जिंकल्या होत्या, बिचाऱ्याने सहा वेळा वेगवेगळे पैसे भरले, आम्ही सहा वेळा ३० सेंट दिले, आणि वर सहा पाकिटं केली. एक एकत्र बिल पाठवलं असतं तर तिथल्या तिथे दीड डॉलर वाचला असता, पोस्टेजचं तर सोडाच. तेव्हापासून आमच्या प्रत्येक लिलावाखाली एक ओळ असते की बाबांनो, घाई करू नका, सगळं जिंकून झालं की एकदाच बिल मागा. आजही निम्मे लोक ती वाचत नाहीत.

मग मी एक शहाणपणा केला. लिलावाच्या माहितीतच टाकलं की इलेक्ट्रॉनिक पेमेंटने भरल्यास फी वेगळी पडेल. चौथ्या दिवशी आमचे सगळे लिलाव साइटने काढून टाकले, चालू बोल्यांसकट. नियम आधीपासून लिहिलेला होता, मीच वाचला नव्हता, की पेमेंटची फी खरेदीदाराच्या माथी वेगळी मारायची नाही, ती विकणाऱ्याने आपल्या धंद्याचा खर्च म्हणून सोसायची. आणि हे फक्त एका साइटचं खूळ नाही, युरोपियन युनियनमध्ये तर जानेवारी २०१८ पासून बहुतेक ग्राहक कार्डांवर असा जादा चार्ज लावायला कायद्यानेच बंदी आहे. तेव्हा मी चिडलो होतो, आता वाटतं ठीकच आहे, बोली लावताना माणसाला शेवटचा आकडा कळायला हवा.

म्हणजे फी किमतीतच बसवायची. पण दुकानदार किंमत लिहितो, लिलावात किंमत समोरचा ठरवतो! आपल्या हातात फक्त दोनच आकडे, बोलीची सुरुवात आणि पोस्टेज. म्हणून सुरुवातीचा आकडा आम्ही उलटीकडून काढायला लागलो. समजा हातात १० डॉलर पडायला हवेत. १० वरची फी ५९ सेंट म्हणून मी १०.५९ लावले, तर वहिनी म्हणाल्या चुकलं, आता फी १०.५९ वर लागणार, तुम्हाला दोन सेंट कमी मिळणार. बरोबर रीत अशी, की दहात ३० सेंट मिळवायचे आणि त्याला ०.९७१ ने भागायचं (एकातून २.९ टक्के गेले की उरतात ते), १०.६१ येतात. दोन सेंटांसाठी एवढं कशाला असं वाटेल, पण वर्षाला दोन-तीन हजार पाकिटं निघत असतील तर करून बघा. साइटचं कमिशन वेगळं असेल तर तेही त्याच भागाकारात घालावं लागतं.

एक डॉलरच्या लिलावावर ३३ टक्के फी, १० च्या लिलावावर ५.९ टक्के, १०० च्या लिलावावर ३.२ टक्के. हा तक्ता वहिनींनी मोठ्या अक्षरात लिहून माझ्या स्क्रीनच्या वर चिकटवला आणि आमचा धंदाच बदलला. सुट्या निबा बंद, दहा-दहाचे लॉट. एक चांगली, तीन बऱ्या, सहा रिपेअरवाल्यांसाठी. बोली लावणारे थोडे कमी झाले हे मान्य, पण रिपेअर करणारे लोक कायमचे जोडले गेले. छोट्या रकमांसाठी वेगळा मायक्रोपेमेंटचा दर पण होता, ५ टक्के अधिक ५ सेंट, साधारण १२ डॉलरच्या खालच्या विक्रीला तो स्वस्त पडायचा आणि वर गेलात की महाग. काही सेलर त्यासाठी दोन खाती ठेवायचे. आम्ही करून बघितलं, पण चुकून पंचेचाळीस डॉलरची निब मायक्रोच्या खात्यावर गेली आणि दादा म्हणाला पुरे आता.

हिशेबाच्या वह्यांचा घोळ वेगळाच. खात्यात जी रक्कम येते तीच विक्री म्हणून आम्ही लिहीत होतो, फी आधीच कापलेली असते मग कशाला परत लिहायची. आमच्या अकाउंटंटने कपाळाला हात लावला. विक्री पूर्ण रकमेची दाखवायची आणि फी खर्चात टाकायची, नाहीतर रिफंड गेला की काहीच जुळत नाही. आणि तसंच झालं होतं, एका गिऱ्हाईकाला ६० डॉलर पूर्ण परत केले, आमच्याकडे ५७ डॉलर ९६ सेंटच आले होते, आणि विक्रीच्या वेळची फी पेमेंटवाल्यांनी परत दिलीच नाही. म्हणजे माल परत, पैसे परत, आणि दोन डॉलर हवेत. आता पैसे भरण्याआधीच मोठ्या निबांचे फोटो भिंगाखालून काढून पाठवतो, टोकाचा दाणा दिसला पाहिजे, मग रिफंडच कमी येतात.

पुढे २०१५ ला इबे आणि पेपाल वेगळे झाले, २०१८ ला इबेने पेमेंटसाठी आडियन या दुसऱ्या पेमेंट कंपनीबरोबर जायचं जाहीर केलं, आणि मग दोन-तीन वर्षांत सगळे सेलर नव्या पद्धतीत सरकले. आता पेमेंटची फी वेगळी दिसत नाही, ती विक्रीच्या कमिशनमध्येच मुरलेली असते. नवीन सेलरना वाटतं पेमेंट फुकट झालं. वहिनींनी मात्र त्यांच्या शीटमधला फीचा रकाना काढलेला नाही, त्या अजून टक्का आणि दर ऑर्डरची ठरावीक रक्कम वेगळी काढून लिहितात.

आणि एक डबा आहे, बिस्किटांचा जुना, त्यात शे-दीडशे सुट्या स्टीलच्या निबा पडल्यात ज्या कुठल्याच लॉटमध्ये बसत नाहीत. दादा दर महिन्याला म्हणतो लावून टाक रे एकेका डॉलरला, जागा तरी होईल. मी वहिनींकडे बघतो, त्या तक्त्याकडे बघतात, आणि डबा परत फळीवर जातो.