हिस्पॅनिक मतदार कोणाचीही मक्तेदारी नाहीत

अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत ६ कोटी २० लाखांहून अधिक लोकांची नोंद हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषक देशांशी मूळ जोडलेले, म्हणून झाली. म्हणजे साधारण दर पाच रहिवाशांमागे एक. मतदारांमधील त्यांचा वाटा मात्र यापेक्षा कमी आहे, कारण त्यांच्यातील अनेक जण अजून १८ वर्षांचे नाहीत आणि अनेकांना नागरिकत्व मिळालेले नाही. दरवर्षी वयात येणाऱ्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांमुळे हे अंतर कमी होत आहे, आणि माझ्या मते खरा बदल तिथेच घडतो आहे.

या समाजाला एकगठ्ठा मतपेढी समजणे मला अन्यायकारक वाटते. कम्युनिस्ट राजवटीतून मायामीत आलेले क्यूबन कुटुंब, जन्मतः अमेरिकी नागरिक असूनही पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातील बेटावर राहताना अध्यक्ष निवडू न शकणारा, पण फ्लोरिडात स्थायिक होताच तो हक्क मिळवणारा पोर्तो रिकन आणि पिढ्यान्‌पिढ्या टेक्सासच्या सीमेवर राहणारे मेक्सिकन वंशाचे शेतकरी यांचे राजकीय अनुभव एकसारखे कसे असतील?

टेक्सासमधील स्टार काउंटीचेच (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) पाहा. जवळजवळ संपूर्णपणे हिस्पॅनिक असलेल्या या काउंटीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या हिलरी क्लिंटन यांना २०१६ मध्ये प्रचंड मताधिक्य मिळाले होते. २०२४ मध्ये तिथे ट्रम्प जिंकले, आणि १८९२ नंतर प्रथमच ती रिपब्लिकन पक्षाकडे गेली. महागाई, रोजगार आणि सीमेवरील सुरक्षा हे तेथील रोजच्या जगण्याचे प्रश्न आहेत. ते समजून न घेता केवळ वंशाच्या आधारावर निष्ठा गृहीत धरणाऱ्या पक्षाला मतदारांनी नाकारले, तर तो त्यांचा पूर्ण अधिकार आहे.