सेल गेला

मी साउंडवाला. सांगली-मिरजेत व्याख्यानमालांची कामं बरीच करतो, डीजेपेक्षा पैसे कमी पण कान शाबूत राहतात. लोकांना वाटतं भाषणाला काय, एक माईक लावला की झालं. उलट भाषणच अवघड. प्राध्यापक मंडळी माईकपासून हातभर लांब उभं राहून पुटपुटणार, गेन म्हणजे माईकची ताकद चढवली की स्पीकरची शिट्टी, मग अडीच हजार हर्ट्झच्या आसपासचे सूर बारीक बारीक कापत बसा, आणि मागनं कोणतरी “आवाऽज!” म्हणून ओरडणारच. त्या दिवशी दोन तासांत एकदा पण शिट्टी नाही, हे आपलं सांगून ठेवतो.

विषय होता धर्म, संघर्ष आणि शांतता. सर बाहेरचे होते, चांगले बोलले. उत्तर आयर्लंडातला 1998 चा गुड फ्रायडे शांतता करार, करार होऊन पण बेलफास्टात कॅथलिक-प्रोटेस्टंट वस्त्यांमधल्या भिंती अजून तशाच, नुसती हाणामारी थांबली म्हणजे शांतता आली असं नव्हं, हे शांततेचा अभ्यास करणाऱ्या गाल्टुंगचं म्हणणं. मग आपल्याकडचं म्हणून कडेगावचे हिंदू-मुसलमान मिळून काढतात ते मोहरमचे ताबूत आणि गोटखिंडीच्या मशिदीतला गणपती. ही दोन ठरलेली, मला पाठ झालीत. 2009 ची मिरजेची दंगल कोण काढत नाही.

ती काढली प्रश्नोत्तरात एका म्हाताऱ्या काकांनी. कुठल्या समाजाचे ते लिहीत नाही, कारण पहिलं तेच विचारणार तुम्ही. “2009 ला माझं दुकान जळालं,” एवढंच म्हटले आणि संयोजकांनी स्टेजच्या कडेनं मला बोटांची कात्री करून दाखवली. म्यूट. विचार पण केला नाही मी, सवयीनं बोट गेलं. निवेदक म्हणाले सेल गेला वाटतं, लोक हसले, लगेच आभार सुरू. काका आपले बोलतच होते, ऐकायला कमी येत असणार. संयोजकांना तरी काय म्हणू, असल्या विषयाला साध्या कपड्यातले दोघं मागं बसलेले असतात, उद्या फोन त्यांनाच येणार.

माईक परत देताना काका म्हणाले, “बाळा, सेल चांगले घालत जा.” सकाळीच नवे घातले होते.

पण माझा मिक्सर डिजिटल आहे, प्रत्येक चॅनेल लॅपटॉपवर फेडरच्या, म्हणजे आवाजाच्या सरकपट्टीच्या, आधीच वेगळा रेकॉर्ड होतो, म्यूट केलं तरी. रात्री फाईल कापताना सापडलं सगळं, तीन मिनिटं. भडकाऊ एक शब्द नाही. दंगलीच्या दिवशीच्या गर्दीतला एक पोरगा काकांनी ओळखला होता, तक्रारीत नाव दिलं नाही. तो आता पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन घरी आला, चहा पिऊन गेला, त्या दिवसाचं दोघं पण काय बोलले नाहीत. काकांचा प्रश्न एवढाच, “सर, लग्नाला जाऊ का नको?”

संयोजकांनी फक्त भाषणाची फाईल मागितलेली, ती दिली. सरांचा व्हॉट्सॲप नंबर आहे माझ्याकडं. तीन मिनिटांची ती क्लिप वेगळी कापून ठेवलीय, पाठवली नाही अजून. पत्रिकेवरची तारीख काकांनी सांगितलीय त्यात, पुढच्या रविवारची आहे.