तुम्ही विचारलंत म्हणून: आजीचं लिहून का नाही ठेवलं?

"तुम्ही एवढ्या शिकलेल्या, मग आजीला येत होतं ते लिहून का नाही ठेवलंत?" ९ ऑगस्टचा आदिवासी दिन जवळ आला की हा प्रश्न येतोच. पाठोपाठ राहीबाई पोपेरेंचं नाव ठरलेलं. अकोले तालुक्यातल्या बाई, शाळेची पायरी चढल्या नाहीत, तरी बियाणं जपून २०२० साली पद्मश्री मिळवली, आणि तुम्ही?

तर ऐका. मी लिहून ठेवलं होतं.

२००१ साल. मी नांदेडला कॉलेजात. कुठल्याशा प्रकल्प स्पर्धेसाठी दोनशे पानी वही केली. किनवटकडच्या आमच्या डोंगरात आजीच्या मागं फिरायचे, ती सांगेल ते टिपायचे. वहीतली चार पानं मुसळीला दिली, म्हणजे औषधी मुळ्यांच्या पांढऱ्या मुसळीला. पहिल्या पावसात पात वर येते, ती भाजीला. ही भाजी आमच्यात विकत नाहीत, शेजारी वाटतात. भादव्यात बी गळतं, पात पिवळी पडते. मूळ काढायचं ते त्यानंतर, तेही चारांतल्या एका झाडाचं. शेंड्याचा डोळा एका मुळीसकट परत मातीत दाबायचा, वरून पाचोळा. आजी खुरप्याच्या टोकानं भोवतीची माती अशी सोडवायची, की वर आलेला घोस धुतल्यासारखा दिसायचा. बाळाच्या बोटांएवढ्या पांढऱ्या मुळ्या.

"कशाला लिहायलीस गं?" तिनं एकदा विचारलं.

"हरवू नये म्हणून." मला हे उत्तर फार आवडलं होतं.

पाचव्या पानावर नकाशा काढला. नाला, बेहड्याचं झाड, वरची उतरण. पहिला नंबर आला. वहीच्या झेरॉक्स किती निघाल्या, कुणी नेल्या, विचारायचं सुचलंही नाही. त्या वर्षांत मुसळीच्या शेतीचं खूळ महाराष्ट्रभर होतं. कुणाला लागवडीला बेणं हवं, कुणाला वाळवलेली मुळी, आणि जंगलातलं फुकट.

पुढच्या वर्षी पोळ्याला गावी गेले. दुपारी आजी म्हणाली, "चल." एवढंच. बेहड्यापाशी पोचेपर्यंत ती बोलली नाही. वरची सगळी उतरण डुकरांनी नासल्यागत उकरलेली. पात अजून हिरवी, बी गळलेलं नाही, झाडं उपटून फेकलेली. डोळे मुळ्यांपासून तुटून पडलेले. एका खड्ड्यात पाणी साचलं होतं, त्यात बिडीचं थोटूक. आजी खाली बसली आणि एकेक शेंडा उचलून मातीत दाबत राहिली. एकही मुळी नाही, तो काय जगणार! मी म्हटलं, "आजी, राहू दे." तिनं ऐकलं नाही. अंधार पडायला लागला तेव्हा उठली, पदराला हात पुसले आणि माझ्या पुढं निघाली.

माझ्याच नकाशावरून ते आले असतील, असं कुठं सिद्ध झालंय? व्यापाऱ्यांची माणसं तेव्हा प्रत्येक डोंगरात हिंडत होती. मी लिहिलं नसतं तरी कुणीतरी पोचलंच असतं. हे मी स्वतःला वीस वर्षं सांगते आहे. तरी नकाशात बेहड्याचं झाड मीच काढलं होतं, हेही खरं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मला पुन्हा डोंगरात नेलं नाही, बस. न्यायची ती धाकट्या वहिनीला, जिला सही करण्यापुरतंच येतं.

राहीबाईंचं म्हणाल, तर बी वाटलं की वाढतं. घेणाऱ्याच्या शेतात दसपट होतं. डोंगरातल्या मुळीचं तसं नाही, ती वाटली की संपते. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. वनस्पतिशास्त्रात या झाडाच्या नावात बोरिवली आहे, मुंबईतली. ते पाठ करून मी पेपर दिला.

२०१९-२० मध्ये हरित लवादाच्या, म्हणजे पर्यावरणाच्या न्यायालयाच्या, तगाद्यानं गावोगावच्या जैवविविधता नोंदवह्या घाईनं भरल्या गेल्या. गावातली झाडं-प्राणी आणि त्यांच्याबद्दलचं गावाचं ज्ञान त्यांत नोंदवतात. आमच्याकडेही दोघं आले. आजी जाऊन सहा वर्षं झालेली, म्हणून मला विचारलं. मी आंबा, मोह, पळस, टेंभुर्णी एवढंच सांगितलं. ते खूश होऊन गेले. रात्रभर वाटत राहिलं, कायद्यानं गावाचा हक्क नोंदवायची संधी होती, तीही मी दडपली. उद्या कुणी कंपनी आली तर गावाकडे कागद काय? आणि आजीला ठाऊक होतं त्यातलं निम्मं माझ्या वहीतही नाही. गप्प राहण्यानंही काहीतरी मेलंच की. एकोणीस वर्षांची मी समोर येऊन हेच म्हणेल, आणि तिला द्यायला माझ्याकडे धड उत्तर नाही.

वही अजून आहे, कपाटात, साड्यांखाली. नकाशाचं पान फाडलंय.

यंदा मृगात वहिनीनं एसटीच्या कंडक्टरसोबत डबा पाठवला. मुसळीची भाजी, वरून तीळकूट. लगेच फोन लावला. "वहिनी, कुठं मिळाली?"

थोडं थांबून ती म्हणाली, "बाजारातून आणली, ताई."