चार केसेस परत आल्या तेव्हा

आमच्या डेंटल लॅबमध्ये एकाच महिन्यात चौथा क्राउन परत आला, म्हणजे दातावर बसवायची टोपी, आत मेटल आणि वर पोर्सेलिन. वरचं पोर्सेलिन टवका उडाल्यासारखं निघालेलं. मी आधी दोष पावडरला दिला. मेटल आणि पोर्सेलिनचं प्रसरण जुळत नसणार, असं दादांना सांगितलं. दादा म्हणजे आमच्या लॅबमधले सिरॅमिकचे सीनियर. त्यांनी दोन्ही डबे पुढ्यात ठेवले. मेटलचा प्रसरणाचा आकडा १४च्या आसपास, पोर्सेलिनचा १३च्या. हवं तसंच. थंड होताना मेटल किंचित जास्त आक्रसतं आणि पोर्सेलिन दाबून धरतं.

मग त्यांनी चारही क्राउन उजेडात धरले. तिघांच्या तुटलेल्या तुकड्यांना आतून काळपट हिरवा थर चिकटला होता.

"तुझं पोर्सेलिन नीट चिकटलंय रे. मेटल सोडलंय ते ऑक्साइडनं."

मला नेमकं उलटं वाटत होतं. पोर्सेलिन ऑक्साइडला धरतं, हे कोर्समध्ये पाठ केलेलं. म्हणून डिगॅसिंगला, म्हणजे पोर्सेलिन लावण्याआधी मेटल तापवून ऑक्साइड आणताना, मी ते फर्नेसमध्ये जास्त वेळ ठेवायचो. सोन्याच्या मिश्रधातूत ऑक्साइड यावं म्हणून इंडियम, कथिल मुद्दाम घालावं लागतं. आमच्या निकेल-क्रोममध्ये क्रोमियम असतंच, त्यामुळे थर आपोआप येतो, आणि लक्ष दिलं नाही तर जाड होतो. डिगॅसिंगनंतर पुन्हा ब्लास्ट करा (हवेच्या दाबानं वाळू मारा), असं मेटलच्या कागदावर छापलं होतं. तो कागद मी उघडलाच नव्हता.

चौथ्या क्राउनवर मेटल चकचकीत, कोरडं. म्हणजे तिथे काही धरलंच नव्हतं. "याला हात लावला होतास?" लावला होता. शिवाय त्या दिवशी इन्व्हेस्टमेंट (मेटल ओतायच्या साच्याचा मसाला) काढायची, वापरलेली वाळूच मारली होती.

मग नव्यानं सुरुवात. कार्बाइड बरनं, म्हणजे घासायच्या फिरत्या टोकानं, एकाच दिशेनं घासायचं. उलटसुलट फिरवलं की मेटलच्या बारीक घड्या पडतात, त्यात हवा आणि घाण अडकते आणि ओपेकला (मेटलचा रंग झाकणाऱ्या, पोर्सेलिनच्या तळच्या थराला) बुडबुडे येतात. (सक्शन आणि मास्क न चुकता, निकेलची धूळ छातीत जाऊ द्यायची नाही.) मग ताज्या अॅल्युमिनियम ऑक्साइडनं ब्लास्ट, ११० मायक्रॉन, नोझल साधारण ४५ अंशांत तिरका. सरळ मारलं की कण मेटलमध्ये रुततात. मार्जिनपाशी, म्हणजे क्राउनच्या पातळ कडेला, प्रेशर कमी. नंतर स्टीम, डिस्टिल्ड वॉटरमध्ये अल्ट्रासॉनिक, आणि तिथून पुढे कोपिंग (क्राउनची आतली मेटलची टोपी) फक्त आर्टरी चिमट्यानं उचलायचं.

डिगॅसिंग ९८० अंशांवर, कागदावर दिलंय तेवढाच वेळ. बाहेर आलं की रंग सगळीकडे एकसारखा हवा. डाग दिसले तर परत घासणं आलं. त्यावर हलका ब्लास्ट, पुन्हा स्टीम. पहिला ओपेक इतका पातळ की खालचं मेटल दिसत राहतं. मला ते बघवायचं नाही, हात आपोआप दुसऱ्यांदा ब्रशकडे जायचा. झाकायचं काम दुसऱ्या थराचं.

दादांनी एका टाकाऊ कोपिंगवर हे सगळं करून घेतलं आणि पकड हातात दिली. "फोड."

पोर्सेलिन फुटलं, पण पोर्सेलिनमध्येच. मेटलवर पांढरे ठिपके घट्ट बसून राहिले.

"आता ते काढून दाखव," म्हणत ते जेवायला गेले. ब्लास्टरपाशी माझा अर्धा तास गेला, तरी दोन कोपऱ्यांतला ओपेक निघाला नव्हता.