तमालपत्र की बोर?

तीन शिरांचं जीवाश्म पान दगडात दिसलं की हात आपसूक 'सिनॅमोमम' लिहितो. दालचिनी-तमालपत्राची प्रजाती. या शेलच्या (चिखलाचा थराथरांचा खडक) तुकड्याच्या चिठ्ठीवरही तेच होतं, आणि अक्षर माझंच.

तुकडा वरच्या आसामातला, मार्घेरिटाजवळच्या माकुम कोळसाक्षेत्रातला. वय सुमारे २.५ कोटी वर्षं. मंगळवारी फोटो काढायला बाहेर काढला. दिवा नेहमी वरून असतो, त्या दिवशी स्टँडचा स्क्रू ढिला झाला आणि उजेड जवळजवळ आडवा पडला. उजव्या कडेवर तीन बारीक खाचा दिसल्या. तमालपत्राला खाचा नसतात!

मसाल्याच्या डब्यातलं पान उजेडात धरून बघा. मधली शीर सरळ, बाजूच्या दोन कमानीसारख्या टोकाकडे जातात. बोरीचं पान असंच, काजऱ्याचंही. तमालपत्राच्या बाजूच्या शिरा बहुधा बुडाच्या जरा वर फुटतात, बोरीच्या थेट बुडातून. पण माझ्या पानाचं बूडच नाही. उरली कड. तमालपत्राची आणि काजऱ्याची साफ, बोरीची बारीक दातेरी.

खाचा किड्याने कुरतडल्याच्याही असू शकतात. जिवंत पान खाल्लं गेलं असेल तर जखमेच्या काठाला जाडसर, काळपट रेघ उरते. इथे ती नाही. खरा दात असेल तर त्यात बारीक शीर शिरलेली दिसायला हवी. ब्रशने थोडं अल्कोहोल लावलं (पाण्याने हा शेल पापुद्र्यांत सुटतो) आणि ते उडून जाईपर्यंतच्या काही सेकंदांत सूक्ष्मदर्शकाखाली बघत राहिले. दोन दातांत शीर दिसली. तिसऱ्यात नाही. सात वेळा बघितलं, नाही.

ताडून बघायला बोरीचे वाळवलेले नमुने काढले, तर बहुतेक सगळे वरची बाजू समोर ठेवून चिकटवलेले. शिरा उठून दिसतात खालच्या बाजूला, हे चिकटवणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं. त्यात बोरीच्या पानाला खालून पांढरट लव, म्हणजे पान उलटं मिळालं तरी जाळी झाकलेलीच. शेवटी कँटीनमागच्या बोरीची चार पानं तोडली, कॉस्टिक सोड्यात घातली, ब्लीच केली, सॅफ्रानिनने रंगवली. पाच दिवस गेले. लाल जाळी कागदावर काढल्यासारखी दिसते, त्याचा आनंद मला अजूनही होतो. कडेच्या कमानींतून निघालेली बारीक शीर दातात शिरते. माझ्या दोन दातांसारखीच.

विद्यार्थ्याने दरम्यान मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये फोटो टाकला. अ‍ॅपने वेलवर्गीय काहीतरी सांगितलं. त्याला हसता येत नाही, कारण फोटोला फोटो जुळवून नावं ठेवण्याची खोड आमच्या क्षेत्राला अ‍ॅपच्या कितीतरी आधीपासून आहे.

एवढा आटापिटा एका पानासाठी कशाला? या ठिकाणच्या जीवाश्म पानांच्या आमच्या यादीत ३० प्रकार आहेत. बिनदाती पानांचं प्रमाण आणि तापमान यांचा संबंध १९१५ पासून मांडला जातोय. पूर्व आशियाच्या जंगलांवरून बसवलेल्या सूत्रात घातलं, तर यातला एक प्रकार दातेरी ठरला की त्या काळचं वार्षिक सरासरी तापमान जवळपास १ अंशाने उतरतं. कड उरलीय १४ मिलिमीटर!

"मॅडम, बोरच लिहून टाका की," सर म्हणाले. "नाव नसलं तर पेपर कोण घेणार?" मी चिठ्ठीवर लिहिलं: तीन शिरांचं पान, प्रकार ४. सर तेव्हापासून जरा तुटकच बोलतात.

डावी कड मीच घालवली होती, पहिल्याच आठवड्यात, सुईने पापुद्रा काढताना. आणि तुकड्याचा जोडीचा अर्धा भाग, ज्यावर पानाचा उलटा ठसा होता, तो मी खाणीतच ठेवून आले. बॅग जड झाली होती. ती बाजू आता भरावाखाली गेली आहे.