व्हॉल्व्ह अँपचा पॉवर ट्रान्सफॉर्मर: जळगावच्या दोन खेपा

अमळनेरहून जळगावला दोनदा गेलो. दोन ईएल८४ व्हॉल्व्हच्या (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) स्टिरिओ अँपसाठी पॉवर ट्रान्सफॉर्मर, म्हणजे प्लगमधल्या विजेतून अँपला लागणारी व्होल्टेज देणारा, करून घ्यायचा होता. तुम्हाला तिसरी खेप पडू नये म्हणून हे लिहितोय.

ट्रान्सफॉर्मर खरं तर घरात होता, मावसभावाने अमेरिकेहून आणलेला. त्यावर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ एवढंच छापलेलं. आपल्या विजेचे १२० व्होल्ट करणाऱ्या स्टेपडाऊनवर लावला तर अर्ध्या तासात हात ठेववेना, वर गुणगुण वेगळीच. व्होल्टेज बरोबर होतं, फ्रिक्वेन्सी नव्हती. ६० हर्ट्झसाठी काटेकोर बेतलेल्या कोरमध्ये (लोखंडी गाभ्यात) आपल्या ५० वर फ्लक्स, म्हणजे चुंबकीय प्रवाह, २० टक्के वाढतो, कोर सॅच्युरेट होऊ लागतो (आणखी चुंबकत्व घेईना) आणि प्रायमरी, म्हणजे प्लगकडची गुंडाळी, करंट ओढत सुटते. बाहेरून मागवणारच असाल तर ५०/६० लिहिलेला आणि २३० किंवा २४० ची प्रायमरी असलेलाच मागवा.

जळगाव गाठण्याआधी घरचा प्लग मोजा. मी आठवडाभर मोजला. दुपारी शेतातले पंप चालू असताना २१०, रात्री अकरानंतर २४८. ऐकायला बसायची वेळ रात्रीचीच! २२० च्या प्रायमरीवर २४८ आले की ६.३ चा हीटर (व्हॉल्व्हमधली तापणारी तार) ७.१ वर जातो. दहा टक्क्यांची मर्यादा तिथेच ओलांडली जाते आणि व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं. म्हणून प्रायमरीवर २३० आणि २५० अशा दोन टॅपिंग (जोडायची वेगवेगळी टोकं) मागितल्या.

हिशेब असा. एका ईएल८४ ला २५० व्होल्टवर प्लेटला ४८ आणि स्क्रीनला (हे व्हॉल्व्हच्या आतले भाग) साडेपाच मिलिअँप लागतात, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्हचे मिळून १०७. ईसीसी८३ या छोट्या व्हॉल्व्हचे थोडे धरून ११०. हीटरला दोन ईएल८४ चे १.५२, ईसीसी८३ चा ०.३ आणि एसीचं डीसी करणाऱ्या ईझेड८१ रेक्टिफायरचा १, एकूण २.८२ अँपिअर. मी २५०-०-२५० आणि ६.३ व्होल्ट ३ अँपिअर लिहून नेलं.

गोलाणी मार्केटात उगाच तास गेला. आपल्याकडे विहिरींवरच्या मोटारींमुळे रिवाइंडिंगवाले गल्लोगल्ली आहेत, पण सगळेच ट्रान्सफॉर्मर करत नाहीत. स्टॅबिलायझर करणारा शोधा. मला भेटलेले काका कागद बघून म्हणाले, "भाऊ, तू आकडा लिखी दे, मी करी देस." दीड इंची स्टॅम्पिंग (कोरचे पत्रे), दीड इंच थप्पी, म्हणजे निव्वळ १३ चौरस सेंटिमीटर. ठोकताळ्याने ४५ भागिले १३ केलं तर व्होल्टला साडेतीन टर्न (वेढे) येतात. मी चार मागितले. तांबं जास्त लागतं, पण कोर थंड आणि गुणगुण कमी. प्रायमरी १००० टर्न, ९२० वर टॅप. एचटीला, म्हणजे प्लेटच्या २५०-०-२५० ला, दोन्हीकडे १०५०, हीटरला २६; लोडवर व्होल्टेज घटतं म्हणून थोडे जास्त.

प्रायमरी आणि सेकंडरीच्या (अँपकडच्या गुंडाळ्या) मध्ये तांब्याची पट्टी घालायला सांगा, शील्ड म्हणून. काकांनी पट्टी बॉबिनभोवती फिरवली, टोकं एकमेकांवर आली तिथे मध्ये इन्सुलेशनचा लेदरॉइड पेपर सरकवला आणि एकाच टोकाला अर्थची वायर झाळली. ती टोकं टेकली तर एक टर्न शॉर्ट होतो आणि सगळा ट्रान्सफॉर्मर तापतो. हे काम चालू असताना शेजारी उभं राहा. वरून वार्निश झालं की आतलं काही दिसत नाही.

वार्निश वाळायला चार दिवस. दुसऱ्या खेपेला घ्यायच्या आधी, सेकंडरी मोकळ्या ठेवून, ६० वॅटच्या सिरीज बल्बवर लावून बघितला. बल्ब क्षणभर चमकला आणि विझला. पेटलेलाच राहिला असता तर आत शॉर्ट आहे समजून दुकानातच ठेवून आलो असतो. मग भरीत-पुरी खाल्ली आणि दुपारची गाडी धरली. डबा मांडीवर, कारण वरच्या फळीवरून पडला तर स्टॅम्पिंग हलतात.

स्पीकरकडच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये गुणगुण शिरू नये म्हणून त्याच्याशी काटकोनात बसवलाय. २५० च्या टॅपवर रात्री बाराला प्लगमध्ये २४६, हीटरवर ६.२.